तोरण्या धरणारे हात

पहाटे चारला पंचगंगेच्या घाटावर पाय धुऊन निघालो. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली कधी मागे पडलं कळलं नाही. चैत्रात जोतिबाला अनवाणी जायचं तर डांबर तापायच्या आत पायथा गाठावा लागतो. शासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची उंच काठी, बरोबर असली की ते जमत नाही. अकराला सगळे रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून एकामागे एक चालत होतो. तो डांबरापेक्षा कमी तापतो.

घाटात वारा सुटला. काठी पेलणारा एक, पण तिला उभी ठेवतात ते तोरण्या, म्हणजे काठीला बांधलेले दोर, धरणारे. वारा ज्या अंगानं येईल त्या अंगाचा दोर ताणायचा, समोरच्यानं तेवढाच सैल सोडायचा, नजर शेंड्यावर. कुणी घाबरून हिसका दिला की शेंडा झुकतो आणि भार पेलणाऱ्याच्या कमरेत उतरतो. आमच्या तोरण्यांवर दोन हात मुंबईचे, एक पुण्याचा, एक गावातला. वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण चैत्र पौर्णिमेला रजा टाकून येतातच.

मुंबईच्या एकाच्या टाचेचा फोड फुटला. कानडी मुलखातून बैलगाडीनं आलेले एक आजोबा झाडाखाली बैलांना पाणी दाखवत होते. त्यांनी न बोलता त्याचा पाय मांडीवर घेतला. कळशीतल्या पाण्यानं धुतला. लोंबणारी कातडी तो ओढायला लागला तर हातावर चापट मारली, "ब्याड, ब्याड," म्हणजे नको, नको. ती तशीच बसवून धुतल्या धोतराची पट्टी सैल बांधली. घट्ट बांधली की चालताना पाय सुजतो. मग गाडीतली भाकरी पुढं केली. कानडी आम्हाला येत नाही. "चांगभलं" एवढाच शब्द दोन्हीकडचा, तो पुरला.

वर डोंगरावर पाडळी गावाची मानाची काठी गुलालात दिसेना. लोकांनी खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या भिरकावल्या, त्याचा रागच आला. तुकडे करून उधळा, वाटीनं डोकं फुटतं.

संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईदेवीच्या देवळाकडे गेली. घामानं भिजलेले दोर तसेच गुंडाळले तर वर्षभरात कुजतात, म्हणून सावलीत पसरले. पाय बांधलेल्या पोरानं आपल्या दोराच्या टोकाला एक जादा गाठ मारून ठेवली.