शेड्यूल ८० म्हणजे एक्सएस नव्हे : दहा इंची पाइपात गेलेले १९ दिवस

शेड्यूल आणि एक्सएस ही दोन्ही पाइपाच्या भिंतीची जाडी सांगायची नावं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण अलॉय स्टीलचा पाइप पहिल्यांदा मागवणारा कुणीतरी याच खड्ड्यात पडणार आहे, आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही.

मी भोसरीत एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये परचेस बघतो. सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या कोजनची (वाफेवरच्या वीज प्रकल्पाची) स्टीम लाइन होती, पाइप ए३३५ पी११ (क्रोमियमवाल्या अलॉय स्टीलचा ग्रेड), सहा, आठ आणि दहा इंची, सगळे शेड्यूल ८०. ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडून मंजूर झालेलं. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन, म्हणजे तारीख हलणार नव्हती. कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), अ‍ॅडव्हान्स सगळं आठवड्यात उरकलं. माल आला, आयबीआरचं (बॉयलरच्या नियमांचं) सर्टिफिकेट सोबत, हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचे नंबर) जुळले, पीएमआय गनने (धातूत काय काय आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने) क्रोमियम सव्वा टक्क्याच्या आसपास दाखवलं. सहा इंचीची जाडी मोजली, बरोबर. मी निवांत झालो.

चौथ्या दिवशी फिटर मामांनी हाक मारली, "साहेब, जरा इकडं या, बोअर जुळंना." बोअर म्हणजे पाइपाचा आतला व्यास.

दहा इंची पाइपाला एल्बो (वळणाचा तुकडा) लावून ठेवला होता. बाहेरून एकदम लेव्हल. आतून बोट फिरवलं तर जोडावर सरळ पायरी लागली, नख अडकावं अशी. एल्बो दुसऱ्या सप्लायरचा, व्हर्नियरने १५ मिमी. पाइप? १२.६. तो आकडा बघून पोटात गोळाच आला.

आता मुद्दा असा आहे. पाइपाचा बाहेरचा व्यास साइजप्रमाणे ठरलेला असतो, दहा इंचीचा २७३ मिमी (दहा इंच म्हणजे २५४ मिमी असं धरू नका, १४ इंचापासून पुढेच नाव आणि माप एक होतं). शेड्यूल वाढलं की जाडी आत वाढते, बोअर कमी होतो, म्हणून बाहेरून बघून काहीच कळत नाही. आणि शेड्यूल ८० ही काही एक जाडी नाही, प्रत्येक साइजला वेगळी. सहा इंचीला १०.९७, आठला १२.७०, दहाला १५.०९. एक्सएस ही त्याच्या आधीची जुनी पद्धत, स्टँडर्ड, एक्स्ट्रा स्ट्राँग (एक्सएस), डबल एक्स्ट्रा स्ट्राँग (एक्सएक्सएस). आठ इंचापर्यंत एक्सएस आणि शेड्यूल ८० अगदी सारखे आहेत, त्यामुळे सगळे एकाच दमात बोलतात. पण दहा इंचाला एक्सएस १२.७० वरच थांबतो आणि शेड्यूल ८० पुढे जातो. पाइप सप्लायरच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं "शेड्यूल ८० / एक्सएस", मी तेच पीओत जसंच्या तसं टाकलं. ती एक तिरकी रेघ. ती चूक माझी, मान्य आहे.

पण पुढे जे झालं ते माझं नाही. फोन केला तर म्हणे, "अहो दोन्ही एकच, आम्ही किती वर्षं विकतोय." मी म्हणलं चार्ट पाठवा. दोन दिवसांनी चार्ट आला, दहा इंच, १२.७०, खाली हिरव्या पेनने रेघ मारलेली. नीट बघितलं तर कॉलमवर ८० च्या पुढे एस आहे. ८०एस म्हणजे स्टेनलेसचा तक्ता, बी३६.१९ या मानकातला, आपला अलॉय स्टीलचा पाइप बी३६.१० ने जातो. हे कळवलं तर पाच दिवस "साहेब मीटिंगमध्ये आहेत". मग नवीन उत्तर, मिल टॉलरन्स. तर टॉलरन्स असतो हे खरंय, ए३३५ ला जाडी साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी चालते, म्हणून सहा इंची पाइप ९.६० मिमी भरला तरी तो पास आहे, उगाच रिजेक्ट करू नका (आमच्या स्टोअरच्या पोराने एकदा केला होता). पण १५.०९ चे साडेबारा टक्के काढले तरी १३.२० उरतात. १२.६ कुठून बसवणार? परत उत्तर नाही. इकडे वेल्डर बसून, कारखान्याचा इंजिनिअर रोज सकाळी फोन करतो, आणि १२.७० वरच भागवावं म्हणलं तर कॅलक्युलेशन आणि ड्रॉइंगची मंजुरी नव्याने, म्हणजे तो रस्ता बंदच.

शेवटी १३व्या दिवशी डोक्यात आलं, वजन! बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा (दोन्ही मिमीत), त्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा, की मीटरला किती किलो ते निघतं. शेड्यूल ८० ला साधारण ९६ किलो, एक्सएसला साडेएक्याऐंशी. एक सहा मीटरचा पाइप टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेला, ४८९ किलो. आणि त्यांच्याच बिलात पाच पाइपांचं वजन २८८० लावलेलं, म्हणजे नगाला ५७६! पैसे शेड्यूल ८० चे घेतले आणि माल एक्सएसचा दिला. काट्याची पावती आणि त्यांचं बिल शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला. अर्ध्या तासात फोन आला, जो माणूस इतके दिवस मीटिंगमध्ये होता त्याचाच.

तेव्हा माल उतरवतानाच काट्यावर घ्या, मी आता प्रत्येक साइजचा एक तरी नग घेतो. पीओत शेड्यूलसोबत मिमी लिहा, "दहा इंच, शेड्यूल ८०, १५.०९ मिमी", रेघ नको. एक्सएक्सएस मागवताना तर जास्तच सांभाळा, सहा इंचीला तो शेड्यूल १६० पेक्षा जाड असतो आणि आठ इंचीला उलटा, २२.२३ विरुद्ध २३.०१. आणि हो, जाडी बरोबर आली म्हणून ग्रेड बरोबर असं समजू नका, पीएमआय वेगळं करायचंच.

१९व्या दिवशी बदली पाइप आले. मामांनी एल्बो लावला, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा वेळेवर घरी गेलो. अग्निप्रदीपनाआधी लाइनची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली. जुने पाइप परत न्यायचं गाडीभाडं मात्र त्यांनी अजून दिलेलं नाही, दर सोमवारी मेल टाकतोय.