‘बोट नीट ठेवा’ असं यंत्र सांगत राहिलं

आजोबांचं बोट क्लिपमध्ये व्यवस्थित बसलं होतं, पण पडद्यावर आकडा काही येईना. दर वीस सेकंदांनी तोच संदेश: ‘बोट नीट ठेवा’. स्वयंसेवकानं बोट बदललं, हात बदलला, तळवे चोळून गरम करायला लावले. मागे रांग वाढत होती. यंत्र बिघडलंय म्हणून पुढच्याला बोलावणं सगळ्यात सोपं होतं.

यंत्र एका १६ वर्षांच्या मुलीनं बांधलेलं. नाडी, ऑक्सिजन आणि ईसीजी मोजून दूर बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. अशा तपासणी शिबिरांत उपकरणांची बाजू बायोमेडिकल तंत्रज्ञ म्हणून माझ्याकडे असते. नैतिकता समितीची मंजुरी, संमतीपत्रं आणि शेजारी अनुभवी सिस्टर, या तीन गोष्टी नसत्या तर ती पेटी मी टेबलावर मांडू दिली नसती. बांधणारी हुशार आहे, हे त्यासाठी पुरेसं नसतं.

पेटीत तसं अनोखं काही नाही. मध्ये ईएसपी ३२ ही छोट्या संगणकासारखी चिप, बोटासाठी मॅक्स ३०१०२ सेन्सर, ईसीजीसाठी एडी ८२३२ चा बोर्ड आणि बॅटरी. बोटाचा सेन्सर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि परतलेला प्रकाश सेकंदाला १०० वेळा मोजतो. ठोका पडला की बोटात रक्त येतं, प्रकाश किंचित कमी परततो. क्लिपची स्प्रिंग कडक असेल तर रक्तच दाबलं जातं आणि लहर सपाट होते. सैल असेल तर बाहेरचा उजेड शिरतो. स्थिर प्रकाशाच्या तुलनेत हा चढउतार किती टक्के, तो परफ्युजन इंडेक्स. गारठलेल्या बोटाला तो ०.३ च्या खाली जातो आणि मग कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आजोबांचा इंडेक्स २.१ होता. म्हणजे बोट, क्लिप, रक्तपुरवठा सगळं ठीक.

हा आकडा आम्हाला दिसला, कारण मुलीनं कच्चा सिग्नल साठवून ठेवला होता. हौशी यंत्रं बहुतेक वेळा फक्त शेवटचा आकडा ठेवतात आणि काही चुकलं तर मागे जाऊन बघायला काहीच उरत नाही. तिनं लॅपटॉप जोडून आलेख उघडला. लाटा स्वच्छ होत्या, पण दोन लाटांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं. उंचीही वेगळी.

कोड पाहिल्यावर कारण सापडलं. हात हलला की खोटे ठोके मोजले जातात, ते गाळायला तिनं नेहमीची युक्ती वापरली होती: नवं अंतर आधीच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वेगळं असेल तर तो ठोका टाकून द्यायचा. सलग पाच ठोके मान्य झाले तरच नाडी दाखवायची. वीस सेकंदांत तसे पाच मिळाले नाहीत, तर दोष बोटाचा. आजोबांच्या हृदयाची लयच विस्कळीत असल्यामुळे एकामागून एक खरे ठोके खोटे ठरत होते.

चाचणीत हे दिसलं नाही, यात नवल नाही. तिनं यंत्र तपासलं ते मित्रमैत्रिणींवर, सगळे १५ ते १७ वयाचे. त्या वयात श्वासाबरोबर नाडी थोडी मागेपुढे होते, म्हणून तर २० टक्क्यांची मोकळीक ठेवलेली. विस्कळीत लय त्या गटात भेटणार कुठून?

सिस्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजलं: ११८. त्याच वेळी मी मनगटावर मोजलं: ९४. काही ठोके इतके घाईचे होते की हृदय भरायच्या आतच पडत आणि मनगटापर्यंत पोचतच नसत. अशा माणसाची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. स्वयंचलित यंत्राचा रक्तदाबही एकदाच घेऊन भागत नाही; आम्ही तीनदा घेऊन सरासरी लिहिली.

मग ईसीजी. त्याआधी लॅपटॉप काढला. इलेक्ट्रोड माणसाला लागलेले असताना ना चार्जर, ना वायरीने जोडलेला संगणक. या बोर्डात रुग्णाला विजेच्या लाइनपासून वेगळं ठेवणारी सोय नाही, आणि चार्जर लावला की मेनचा गुणगुणाटही सिग्नलमध्ये उतरतो. दोन इलेक्ट्रोड गळ्याच्या हाडांखाली, तिसरा उजवीकडे खालच्या बरगडीवर. त्वचा पुसून, कोरडी करून. बोर्डाची वायर ईएसपी ३२ च्या पहिल्या एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या, पिनवरच हवी. दुसरा एडीसी वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही, आणि नवशिके तासन्‌तास इथेच अडकतात.

ईसीजीच्या लहरीचे सेकंदाला २५० नमुने (मोजमापं), ३० सेकंद, प्रत्येकी दोन बाइट: १५ हजार बाइट. ते हजार-हजारच्या १५ तुकड्यांत, प्रत्येकाला क्रमांक देऊन जातात. पोच आली नाही तर फक्त तोच तुकडा पुन्हा. व्हिडिओ कॉल त्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होता, म्हणून तो मिनिटभर बंद केला. चेहरा नंतर दिसला तरी चालतो, ईसीजीची पट्टी आधी पोचायला हवी.

पट्टीवर आर-आर अंतरांना, म्हणजे दोन ठोक्यांच्या उंच टोकांमधल्या अंतरांना, कसलाच नियम नव्हता आणि ठोक्याआधीच्या छोट्या पी लहरी दिसत नव्हत्या. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत लय, ठरवायला ३० सेकंदांची एका लीडची (एकाच बाजूने पाहिलेली) पट्टी पुरते. तरी डॉक्टरांनी बारा लीडच्या ईसीजीसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जायला सांगितलं, ते बरोबरच होतं. या बोर्डाचा फिल्टर ०.५ ते ४० हर्ट्झ एवढाच भाग सोडतो. लय कळते, पण एसटी भागावर, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरच्या रेषेवर, भरवसा ठेवता येत नाही. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि पुष्कळांना त्रास काहीच जाणवत नाही. आजोबाही चालत आले होते. निदान त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं. यंत्र बांधणाऱ्या मुलीनं तोंड उघडलं नाही. तसं आधीच ठरलेलं होतं.

तिनं कोडमध्ये सिग्नलचा दर्जा आणि हृदयाची लय वेगळी केली. दर्जा आता लाटेच्या आकारावरून ठरतो: प्रत्येक लाट कापून, एकाच लांबी-उंचीला आणून सरासरी लाटेशी जुळवायची. जुळणी ०.८५ च्या वर असेल तर लाट खरी, मग ती कितीही लवकर वा उशिरा येवो. हालचालीसाठी क्लिपमध्ये वेगळा अ‍ॅक्सेलरोमीटर. लयीचा हिशोब मान्य झालेल्या लाटांवर नंतर होतो. पडद्यावर एकाऐवजी तीन संदेश आले: ‘बोट नाही’, ‘हात हलतोय’, ‘नाडी मिळते, लय अनियमित, हाताने मोजा’. तिसरा मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो माणसाला कामाला लावतो.

तपासायला तिनं फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळावरचा एमआयटी-बीआयएच एट्रियल फिब्रिलेशन डेटाबेस घेतला: प्रत्येकी साधारण दहा तासांची २५ रेकॉर्डिंग, तीही सेकंदाला २५० नमुन्यांची. त्यातली अंतरं जुन्या कोडमधून सोडली तेव्हा विकाराच्या भागांत नाडीचा रकाना जवळजवळ रिकामाच राहिला. नव्यात भरला.

मात्र तरुण मुलं खोल श्वास घेत बसली की नवा कोडही ‘अनियमित’ म्हणतो. तिथे तिनं मर्यादा सैल केलेली नाही. पट्टी घ्यायची, पी लहरी दिसतात का ते डॉक्टरांनी पाहायचं, असंच सध्या चालू आहे.