तुम्ही विचारलंत म्हणून : एडोला हास्यकवितेचे इतके वेड का होते?

तोकुगावा घराण्यातील शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, (1603–1868) कडक अमलाखालील एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, थट्टेची आणि उपरोधाची कविता इतकी लोकप्रिय कशी झाली, असे मला वारंवार विचारले जाते. दबलेल्या प्रजेने कवितेतून राग काढला, हे उत्तर बहुतेकांनी आधीच धरलेले असते. मला ते अपुरे वाटते. ती कविता वाचणारेच ती रचतही होते, हे माझ्या मते खरे कारण आहे.

ही कविता स्पर्धांतून घडत असे : परीक्षक चौदा मात्रांची ओळ जाहीर करी आणि लोक थोडे शुल्क भरून तिला जोडायच्या सतरा मात्रा पाठवीत. समस्यापूर्ती ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातला आनंद वेगळा सांगायला नको. सोळाव्या शतकातील एका जुन्या जोडीत समस्या आहे, ‘कापावेसे वाटते, कापवतही नाही’, आणि पूर्ती आहे, ‘चोर पकडला, पाहतो तर आपलाच मुलगा’. एडोत काराई सेन्र्यू (1718–1790) याने 1757 पासून अशा स्पर्धांचे परीक्षण केले, तेव्हा त्याच्याकडे हजारोंनी रचना येऊ लागल्या. मूळ समस्येवाचूनही कळतील अशा रचनांचा ‘हाइफू यानागिदारू’ हा संग्रह 1765 मध्ये निघाला, पुढे त्या मालेचे 167 भाग झाले आणि या काव्यप्रकाराला परीक्षकाचेच, ‘सेन्र्यू’ हे नाव मिळाले. त्यात हायकूसारखे ऋतूचा उल्लेख करण्याचे बंधन नव्हते आणि रचनाकाराचे नावही सहसा छापले जात नसे. आश्रित पाहुणा तिसऱ्या वाढीसाठी वाडगा हळूच पुढे करतो, अधिकाऱ्याचे तान्हे मूठ मिटायला चटकन शिकते : दुसऱ्या रचनेतील लाचखोरी कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

एकतीस मात्रांच्या ‘क्योका’ या विडंबनकवितेच्या मैफलींत तर सामुराई, खाणावळवाले आणि स्नानगृहाचे मालक टोपणनावांनी शेजारी बसत. तिचा अग्रणी ओता नानपो स्वतः शोगुनच्या पदरचा कनिष्ठ सामुराई होता. शोगुनचा प्रमुख मंत्री मात्सुदाइरा सादानोबू याने 1787 मध्ये सुधारणांचा बडगा उगारल्यावर तो क्योकापासून दूर झाला आणि 1794 मध्ये सरकारी परीक्षेत चमकला. मला यात भित्रेपणा दिसत नाही. त्याच्या नावावर घर चालत होते. शिराकावाच्या अधिपती सादानोबूवरची प्रसिद्ध क्योका मात्र निनावीच फिरली : शिराकावाच्या स्वच्छ पाण्यात मासे जगेनात, त्यांना जुन्या, लाचखोर तानुमाचे गढूळ पाणीच हवेसे वाटते. तानुमा हा सादानोबूच्या आधीचा सत्ताधारी मंत्री; ‘शिराकावा’ म्हणजे पांढरी नदी आणि ‘तानुमा’ म्हणजे भातशेतातली दलदल, ही त्यातली कोटी.