आजी पाठ फिरवून बसायची

डिसेंबर लागला आणि सातपुड्यावरून उतरणारा वारा झोंबायला लागला, की मला अजून लिलावाची हाळी ऐकू येते. "कोहळं पाच रुपये! पाच रुपये एक वार..." आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सुगीच्या सणाची ती हाळी.

अचलपूर तालुक्यातलं आमचं गाव लहान. त्यात ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा. देऊळ कौलारू, आम्ही प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणायचो, अजूनही म्हणतो. एरवी रविवारी निम्म्या सतरंज्या गुंडाळलेल्याच राहायच्या, पण सुगीच्या सणाला बसायला जागा नसे. मूर्तिजापूर, बनोसा, अंजनगावकडचे पाहुणे शकुंतलेनं यायचे. ती छोटी आगगाडी एवढी सावकाश चालायची, की पोरं वाटेत उतरून पुन्हा चढायची. पथ्रोटच्या स्टेशनावर आमच्या बैलगाड्या उभ्या असायच्या आणि पाहुणे भजनं म्हणतच गाडीत बसायचे.

आदल्या रात्री आम्ही पोरं देऊळ सजवायचो. दारावर ज्वारीची कणसं आणि झेंडूची तोरणं लावायची. पुढच्या टेबलावर पहिल्या वेचणीच्या कापसाचा ढीग, त्याभोवती संत्री, वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, तीळ, मूग, टोपलीत अंडी. पाय बांधलेल्या एक-दोन कोंबड्याही असत आणि उपदेश चालू असताना त्या हमखास ओरडत. कोणी रागवत नसे. त्याही अर्पणातल्याच होत्या.

पाळकसाहेब दरवर्षी बायबलातल्या लेवीय पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचायचे. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, कापणीनंतर पडून राहिलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या, अशी तिथली आज्ञा. मग त्याच सरव्यावर जगलेल्या रूथची गोष्ट. आमच्या बायांना हे समजावून सांगावं लागत नसे, त्यातल्या कितीतरी जणींनी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचलेला होता. एका वर्षी पाळकसाहेबांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला: मला भूक लागली होती तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, मी उघडा होतो तेव्हा पांघरलं. आणि लगेच म्हणाले, "भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र. हे आपल्याच मातीत गाडगेबाबांनी सांगितलं. त्यांचं शेंडगाव इथून काही दूर नाही." मागे दाराशी उभे असलेले गावातले वारकरी आजोबा हात जोडून खाली बसले. तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला, नाताळाच्या तोंडावर. त्या दिवशी आम्ही पोरं खराटे घेऊन गावाबरोबर रस्ते झाडायचो.

उपासनेनंतर अंगणात लिलाव. लिलावात वस्तू घ्यायची ती घरी न्यायला नव्हे. जो संत्र्यांची टोपली दहा रुपयांना घ्यायचा, तो पैसे टाकून म्हणायचा, "पुन्हा ठेवा." मग ती पंधराला जायची, पुन्हा परत यायची. गावातले किराणा दुकानदार, मशिदीजवळचे शिंपीचाचा, बौद्धवाड्यातले मास्तर, सगळे बोली लावायचे. पैशातून कोणाच्या शाळेची फी, कोणाच्या बाळंतपणाचा खर्च निघायचा, आणि ते घर ख्रिस्ती आहे की नाही, असं मंडळीत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मग पंगत: वरण, भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी. दुसऱ्या दिवशी धान्याची एक बैलगाडी कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्याकडे निघायची.

पण सणाची खरी गोष्ट वर्षभर घडत असे, देवळामागच्या खोलीत. तिथे मंडळीची कणगी होती. बाया रोज स्वयंपाकाआधी एक मूठ ज्वारी बाजूला काढायच्या आणि रविवारी आणून त्यात ओतायच्या. सुगीच्या सणाचं धान्यही त्यातच पडायचं. किल्ली माझ्या आजीकडे. पेरण्या आटोपल्या, असलं-नसलं बियाण्यात गेलं, पावसाची झड लागून निंदणाची मजुरी बुडाली, की लोक तिच्याकडे यायचे. दिवे लागल्यावर, एकेकटे. आजी दार उघडायची, मापाची पायली हातात द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. किती घेतलं ते तिला दिसत नसे आणि ती विचारत नसे. वही नव्हती. एकदा एका शिकलेल्या पाहुण्यानं तिला हिशेब ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "लिहून ठेवलं का मंग तो मले रस्त्यात पाहून मान खाली घालन. कोनाची मान खाली कराले नाही ना बाप्पा हे धान्य."

१९७२ साली पाऊस रुसला. त्या डिसेंबरात पंचांनी सण रद्द करायचं ठरवलं होतं. बायांनी ऐकलं नाही. देवळात त्या वर्षी कणसांचं तोरण नव्हतं. कोणी दुष्काळी कामावरच्या खडी फोडण्याच्या मजुरीतले दोन रुपये आणले, कोणी हातानं वळलेला दोर. आमच्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या मावशीनं एक कोहळं आणलं. भांडी घासलेल्या पाण्यावर परसात वाढवलेलं, लहानसंच. त्या पावसाळ्यात ती कणगीवर चार वेळा आली होती, हे मला ठाऊक होतं, कारण मी आजीजवळ त्याच खोलीत झोपायचे. टेबलावर कोहळं ठेवताना ती आजीला म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं याव व माय?" ते कोहळं लिलावात सात वेळा विकलं गेलं आणि सात वेळा परत आलं. शेवटी किराणा दुकानदारांनी ते घेतलं आणि पंगतीच्या भाजीत टाकायला दिलं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत आमच्या घरचीही ज्वारी संपली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका रात्री कडी वाजली. आजीनं दार उघडलं, पायली पुढे केली आणि नेहमीसारखी भिंतीकडे वळली. मी गोधडीत जागी होते. अंधारात कोण आलं ते दिसलं नाही, पण तो खोकला मी ओळखला. माझे बाबा. आजीचा पोटचा मुलगा. धान्य पिशवीत पडत होतं आणि आजी हलली नाही. बाबा गेल्यावर तिनं कडी लावली आणि अंधारातच बराच वेळ प्रार्थना करत राहिली. मीही डोळे मिटून घेतले.

त्या वर्षी पीक बरं आलं. सुगीच्या सणाला मावशीच्या कोहळ्यावर पहिली बोली बाबांनी लावली, तीही अशा आवाजात की पाहुणे वळून बघायला लागले. आजी तेव्हा पंगतीच्या पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही, पण लाटणं थांबलं होतं.

आता शकुंतला बंद आहे. ज्वारीचा पेरा घटला, शिवारात सोयाबीन वाढलं, म्हणून लोक रोख अर्पण देतात आणि बाया त्यातून तूरडाळ, तेल घेतात. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली. किल्ली माझ्या वहिनीकडे आहे. करोनाच्या वर्षी ती कोठी पंधरा दिवसांत रिकामी झाली आणि महिनाभरात कोणी कोणी मिळून पुन्हा भरली.

गेल्या पावसाळ्यात मी गावी होते. झड लागली होती, वहिनी तापानं पडून होती. दिवे लागल्यावर कडी वाजली. तिनं उशाखालची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी कोठी उघडली, आजीचीच ती पितळी पायली पुढे केली, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे डाळ पायलीत पडत होती. बाहेर पाऊस चालूच होता.