‘गुगल’ हा संदर्भ नव्हे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शाळेचा प्रकल्प म्हटला की लोणार सरोवर ठरलेलंच. पोरं मेहनत घेतात, चित्रं झकास काढतात आणि शेवटच्या पानावर संदर्भ म्हणून एकच शब्द लिहितात: गुगल. मला हे फार खटकतं. गुगल माहिती शोधून देतं, लिहीत नाही. लिहिणारा कोणी माणूस असतो, संस्था असते. त्यांचं नाव यायलाच हवं.

म्हणून मी वर्गात पुस्तकं वाटते आणि आतलं शीर्षकपान उलटायला लावते. मागे बारीक अक्षरात सगळं असतं: प्रकाशक, आवृत्ती, वर्ष. संदर्भसूचीत लेखकाचं आडनाव आधी, मग नाव, पुस्तक, प्रकाशक, वर्ष. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत पोरं हमखास गोंधळतात, तिथे वेळ द्यावाच लागतो. संकेतस्थळ असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख, कारण तिथला मजकूर बदलतो. लोणार २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. त्याआधीच्या लेखात ते सापडणार कसं? वर्ष लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला लगेच उमगतं.

आणि वावरातल्या माणसानं सांगितलेलं? तोही संदर्भच. एका मुलीनं पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल आजीला विचारून छान लिहिलं होतं, पण आजीचं नाव कुठेच नव्हतं. तिला म्हटलं, आजीचं नाव, गाव, मुलाखतीची तारीख टाक. अकारविल्हे यादीत आजी कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेच्या वर आली.

आता वर्तमानपत्राची कात्रणं घ्यायची आहेत. कापताना पोरं नेमकी तारीखच कापून टाकतात.