लेझर आहे, पण दात हातानेच निघतो

मे महिन्याच्या अखेरीस वडणगेच्या एक मावशी मुलाला घेऊन कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी विचारले, "डाक्टर, तुमी लेझरनं दात काढतासा न्हवं? मी त्याच्यासाठनंच आलो बघा." मुलाने मोबाईलवर कुठलीशी जाहिरात पाहिली होती आणि तिच्यात दुखणार नाही, रक्त येणार नाही, टाका पडणार नाही, अशी तिन्ही आश्वासने एकाच दमात दिलेली होती. माझ्याकडे लेझर आहे. शेजारच्या ट्रॉलीवर तो गेली कित्येक वर्षे आहे आणि आठवड्यातून चार-पाच वेळा मी तो वापरतोही. तरीही मावशींना मी 'नाही' म्हणालो. ते 'नाही' समजावून सांगता सांगता बाहेर बसलेले दोन पेशंट कंटाळून निघून गेले, म्हणून ते एकदाचे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मावशींची खालची डावीकडची पहिली दाढ किडीने जवळजवळ संपली होती. वरचा भाग गेलेला, दोन मुळे हाडात रुतलेली, आणि वर्षानुवर्षे लावलेल्या मशेरीमुळे भोवतालची हिरडी सुजून हात लावताच रक्त देणारी. त्यातच हृदयाच्या त्रासामुळे त्यांना रोज ॲस्पिरिनची गोळी चालू होती. ही दाढ काढायची आणि पुढे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने ब्रिज, म्हणजे दोन्हीकडच्या कॅपना जोडलेला कृत्रिम दात, बसवायचा, असे ठरले. इम्प्लांटचाही (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा) पर्याय मी सांगितला होता, पण शेजारच्या दोन्ही दातांत आधीच मोठमोठी सिमेंटे भरलेली होती आणि त्यांना आज ना उद्या कॅप लागणारच होती, त्यामुळे ब्रिजचे पारडे जड झाले.

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर रुंदीची फट असते आणि त्या फटीत हजारो तंतू मुळाला सर्व बाजूंनी हाडाशी बांधून ठेवतात. दात काढणे म्हणजे हे तंतू तोडणे, खोबणीचे हाड हळूहळू किंचित फाकवणे आणि मग मूळ सैल झाल्यावर ते उचलून घेणे. यातले फाकवणे आणि उचलणे हे सरळसरळ बळाचे काम आहे, आणि प्रकाशाला ओढता येत नाही. लेझरच्या बारीक टोकाने हिरडीलगतचे वरचे तंतू कापता येतात. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेभोवतीचे हाड एर्बियम जातीच्या लेझरने काढताही येते. पण त्यानंतर हातात एलेव्हेटर, म्हणजे मूळ उचकटायचे हत्यार, घ्यावाच लागतो. 'लेझरने दात काढला' या वाक्यात लेझरचा वाटा किती आणि मनगटाचा किती, हे पेशंटला कोणी सांगत नाही, कारण भूल दिलेल्या जबड्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

माझ्याकडचा डायोड जातीचा लेझर तर त्या खोबणीत खोलवर नेणेही बरे नव्हे. हाडाला उष्णता सोसत नाही. १९८३ साली सशांच्या हाडावर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिटभर राहिले तरी हाडाला इजा होते, असे दिसून आले होते. तापलेला चमचा हातात धरवत नाही, तिथे हाडाने तरी तो का सोसावा?

मावशींची दाढ मी जुन्याच पद्धतीने काढली. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून ॲस्पिरिन चालूच ठेवले (दात काढायचा म्हणून ही गोळी आपल्याच मनाने बंद करून येणारे पेशंट मला जास्त घाबरवतात), भूल दिली, बरने (दात कापायच्या गरगर फिरणाऱ्या टोकाने) दोन मुळे एकमेकांपासून वेगळी केली, पातळ पात्याचा पेरिओटोम मुळाच्या कडेने गोल फिरवला आणि मग एलेव्हेटर लावला. ओली फांदी मोडताना येतो तसा एक दबका आवाज आला आणि मागचे मूळ वर सरकले. पुढच्याला थोडा वेळ लागला. खोबण दोन बोटांनी दाबली, एक टाका घातला, अर्धा तास कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला. रक्त थांबले ते दाबाने आणि टाक्याने. मावशी तोंडात बोळा धरूनच म्हणाल्या, "काढलासा? मला वाटलं अजून सुरूच हाय." दुखले नाही, कारण भूल नीट लागली होती. 'वेदनारहित' या शब्दाचे बहुतेक श्रेय त्या दोन मिलिलिटरच्या इंजेक्शनला जाते आणि त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

लेझर म्हणजे एकच एक यंत्र, ही समजूत या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. कोणता प्रकाश कोणत्या पदार्थात शोषला जातो, यावर सारे अवलंबून असते. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा पहिला लेझर चालवून दाखवला आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांतच संशोधकांनी तो दातांवर रोखून पाहिला. पण त्या प्रकाशाने दात कापण्यापेक्षा तापतच जास्त होता. दाताचे काम जमले ते एर्बियममुळे. त्याची २९४० नॅनोमीटरची लहर पाणी अधाशासारखी शोषून घेते. आपल्या दाताचे वरचे आवरण वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असले तरी त्यात थोडे पाणी असतेच, आणि त्याखालच्या थरात ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात त्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन. इथेही तसेच घडते. अडकलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि ती दाताचा सूक्ष्म कण फोडून बाहेर उडवते. एर्बियमचा आवाजही लाह्यांसारखाच तडतड येतो. अमेरिकेच्या एफडीएने दातांच्या कठीण भागासाठी त्याला मान्यता दिली ती १९९७ मध्ये.

डायोड मात्र वेगळ्या जातीचा. त्याचा प्रकाश पाण्यात फारसा शोषला जात नाही. तो रक्तातल्या आणि त्वचेतल्या रंगद्रव्यांकडे ओढला जातो, म्हणून त्याने हिरडी कापता येते, दात नाही. आपल्याकडे ज्या दवाखान्यात लेझर असतो तिथे तो बहुधा हाच असतो, कारण एर्बियमचे यंत्र याच्या कितीतरी पट महाग आहे. पाटीवर दोन्हींसाठी शब्द एकच.

खोबण भरायला साधारण तीन महिने द्यायचे ठरले होते. मध्ये पंचगंगेला पाणी आले आणि शिवाजी पुलापलीकडची ये-जा बंद पडली, म्हणून मावशी आल्या त्या चौथ्या महिन्यात. या वेळी मुलगा तयारीने आला होता. "सर, निदान ब्रिजसाठी घासायचं काम तरी लेझरनं करा," असा त्याचा आग्रह होता.

ब्रिजचे खांब म्हणजे दोन्ही बाजूंचे दात. कॅपला जागा व्हावी म्हणून ते चावण्याच्या बाजूने दीड ते दोन आणि कडेने एक ते दीड मिलिमीटर घासावे लागतात. नुसते घासून भागत नाही. दोन्ही खांबांच्या भिंती एकमेकींशी जवळजवळ समांतर हव्यात, वर किंचित निमुळत्या हव्यात आणि खाली हिरडीलगत सलग, गुळगुळीत कड हवी. भिंत तिरकी झाली की ब्रिज बसत नाही, फार निमुळती झाली की टिकत नाही, आणि हे मी मटणाचे नळे चोखून फोडणाऱ्या गावात बोलतो आहे. हिऱ्याची पूड लावलेला बर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो आणि तो आपल्या संपूर्ण कडेने कापतो. त्यामुळे बर ज्या कोनात धरावा त्या कोनाची भिंत आपोआप तयार होते. एर्बियम लेझर कापतो तो टोकाने. त्याने कीड खरवडता येते, छोटा खड्डा करता येतो, पण भिंत ताशीव येत नाही, खडबडीत राहते, आणि वेळही फार जातो. धातूवर तो चालत नाही, म्हणजे जुनी चांदी भरलेली असेल तर ती आधी बरनेच काढायची.

बरमध्ये दोष नाही असे मुळीच नाही. त्यानेही दात तापतो, म्हणून पाण्याचा फवारा अखंड चालू हवा. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन या दोघांनी माकडांच्या दातांवर दाखवून दिले होते की, आतल्या नसेचे तापमान साडेपाच अंशांनी वाढले तरी सुमारे १५ टक्के नसा पुन्हा सावरत नाहीत. फवाऱ्याची नळी चोंदलेली असताना कॅपसाठी दात घासणे म्हणजे पुढच्या रूट कॅनालची सोय करून ठेवणे होय.

दोन्ही दात घासून झाल्यावर मात्र मी लेझर जवळ ओढला. घासलेल्या दाताची कड हिरडीच्या किंचित आत असते आणि माप घेताना ती कड मापात स्पष्ट उतरली पाहिजे, नाहीतर लॅबमधला तंत्रज्ञ अंदाजाने कॅप बनवतो आणि त्या अंदाजाच्या फटीत वर्षा-दोन वर्षांत कीड शिरते. यासाठी हिरडी बाजूला सारायला बारीक धागा दाताभोवती आत दाबण्याची पद्धत आहे आणि बहुतेक वेळा ती पुरेशीही होते. पण मशेरीच्या हिरडीत धागा घातला की रक्त येते, आणि मापाच्या सिलिकॉनला रक्त व ओलावा खपत नाही. इथे डायोडसारखे हत्यार नाही. केसाच्या चार-पाचपट जाड, ४०० मायक्रॉनच्या फायबरचे टोक मी आधी चावा तपासायच्या निळ्या कागदावर टेकवून काळे करून घेतो, म्हणजे उष्णता टोकाशीच राहते. मग साधारण एक वॉटवर, ब्रशने रंगाची कड ओढावी तसे ते हिरडीच्या आतल्या बाजूने हलक्या हाताने फिरवायचे, कुठेही थांबायचे नाही. मावशींच्या दोन्ही दातांना मिळून दोनेक मिनिटे लागली. केस जळल्यासारखा वास येतो, म्हणून सक्शन अगदी जवळ धरावे लागते. कापसाने पुसले तर दाताभोवती बारीक कोरडी चर दिसत होती आणि तिच्या तळाशी कड कशी लख्ख उघडी पडली होती.

या चरीची खोली मला एकदा महागात पडली आहे. नवीन यंत्राच्या उत्साहात एका पेशंटच्या वरच्या सुळ्याभोवती मी गरजेपेक्षा खोल गेलो. हाडाच्या वर हिरडीची जी पकड असते ती जेमतेम दोन मिलिमीटरची, आणि तिला धक्का लागला की हिरडी मागे सरकून ती जागा पुन्हा मिळवते. सहा महिन्यांनी त्यांच्या हसण्यात कॅपची करडी कड दिसू लागली. ती कॅप मी माझ्या खर्चाने बदलून दिली, आणि तेव्हापासून पुढच्या दातांची पातळ हिरडी असेल तर धागाच वापरतो.

माप घेण्याआधी चष्मे काढून घेतले. लेझर चालू असताना माझ्या, सहायिकेच्या आणि पेशंटच्या डोळ्यांवर त्या लहरीसाठीच बनवलेला चष्मा असतो. मुलगा दाराशी उभा राहून बघत होता, त्यालाही मी बाहेर पाठवले होते. तो जरा नाराज झाला, पण गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या त्यानेही वाचल्या होत्या, त्यामुळे फार समजवावे लागले नाही.

आठवड्याने ब्रिज आला. बसवला, चिकटवण्याआधी निळा कागद चावायला दिला, आणि मधल्या दाढेवर जिथे गडद ठिपका उमटला तिथे बरने हलकेच घासले. ब्रिजखालून घालायचा बारीक ब्रश कसा फिरवायचा ते आरशात दोनदा करून दाखवले आणि मशेरी सोडायला सांगितले. मशेरीच्या बाबतीत मावशींनी मान हलवली, शब्द दिला नाही. मुलगा खाली बिल वाचत होता. "लेझरचे वेगळे लावले नाहीत, सर?" त्याने विचारले. मी म्हणालो, दोन मिनिटांचे काय लावायचे. मावशी उठता उठता म्हणाल्या, "आरं, पर लेझरनं केलं म्हणून गावात सांगायला काय हरकत हाय?"