तसबीर कोणाच्या हातात?

आमच्या शाळेत गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ नाटक झालं ते गणिताच्या सरांमुळे. मी नववीत होतो. स्नेहसंमेलनासाठी नाटक निवडायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, “हरिपूर हाकेच्या अंतरावर. देवलांच्या गावाशेजारी राहायचं आणि त्यांचं नाटक करायचं नाही, हे काही बरं नाही.” पदं दोनच ठेवली, गद्यालाही बरीच कात्री लावली आणि फाल्गुनराव माझ्या वाट्याला आला.

पहिल्या तालमीला संवाद नव्हतेच. सरांनी फळ्यावर रकाने आखले. वर पात्रांची नावं, डावीकडे प्रसंग, आणि प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट लिहायची : या घटकेला याला काय ठाऊक आहे? रेवतीला भर रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो. कृत्तिकेला दिसतं ते एवढंच, की नवरा परक्या बाईला धरून उभा आहे. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर तिथेच पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. फाल्गुनरावाला दिसतं ते एवढंच, की बायको परपुरुषाची तसबीर निरखते आहे. फळा भरत गेला तसं आमच्या ध्यानात आलं, की या घोटाळ्याच्या मुळाशी कोणाची लबाडी नाहीच. जो तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतोय, पण प्रत्येकाने पाहिलंय अर्धं. पुरतं पाहिलेले लोक फक्त समोर खुर्च्यांवर.

म्हणून सरांचा एक दंडक होता. फाल्गुनरावाने लोकांना हसवायला जायचं नाही. “तुझा संसार मोडतोय. तुला हसू कसं येईल?” प्रेक्षकांकडे पाहायला मला सक्त मनाई होती, नजर सारा वेळ तसबिरीवर. ही तसबीर चित्रकलेच्या बाईंनी पुठ्ठ्यावर करून दिली होती. शेवटच्या रांगेला दिसेल एवढी मोठी आणि पदराआड लपेल एवढी लहान हवी, म्हणून त्यांनी ती पुन्हा पुन्हा कापली. प्रयोगात मी कृत्तिकेच्या पाठीमागून दबक्या पावलांनी आलो आणि एक शब्दही बोलायच्या आधी अख्खं पटांगण हसायला लागलं. सरांच्या त्या फळ्याची किंमत मला तेव्हा कळली.

या नाटकाचा प्रवास मी पुढे कॉलेजात वाचला. मोलिएरचं 1660 सालचं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं 1761 सालचं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून देवलांचं आधीचं गद्य ‘फाल्गुनराव’. तरी ते परकं कुठेच वाटत नाही. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनरावाचा गडीसुद्धा भादव्या! संगीत रूपात ते 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. त्यांना तो प्रयोग पाहायला मिळाला नाही, याची हळहळ मला अजून वाटते. ‘शारदा’सारखं गंभीर नाटक लिहिणाऱ्या माणसाला हसवण्याचं काम हलकं वाटलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे फार्स म्हटलं की आरडाओरडा आणि पडापडी असा समज झालाय. ‘संशयकल्लोळ’मध्ये दोन घरं खरोखर जळत असतात आणि विझवायला एक वाक्य पुरलं असतं, पण ते विचारायला कोणी थांबत नाही.

सर आता नाहीत. आमची कापलेली संहिता, त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणांसकट, माझ्याजवळ आहे. सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात शाळेने हे नाटक पुन्हा करायचं मनावर घेतलं, तर ती आणून देईन आणि तालमींनाही येईन. पदं मात्र या खेपेला कापू नका. ‘सुकांत चंद्रानना पातली’ गाणारा एखादा मुलगा आजही कुठल्यातरी वर्गात बसलेला असेलच.